नॉर्वेच्या किनाऱ्यावर एक्डिस आणि पायलट दोन्ही असताना 'नॉर्वे पायलट'चे खंड कशाला वाचायचे?

तुम्ही लिहिलंय की जहाज बर्गनहून फाउस्केला जाणार आहे, पॅसेज प्लॅन (प्रवासाच्या वाटेचा आराखडा) तुम्हाला करायचाय आणि एक्डिस (पडद्यावर चार्ट दाखवणारी यंत्रणा) असूनही कॅप्टनने ब्रिटिश अ‍ॅडमिरल्टीचे 'नॉर्वे पायलट'चे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या वाटांची माहिती देणाऱ्या पुस्तकांचे, खंड वाचायला सांगितलेत. वाचाच. खडक कुठे आहे ते चार्ट सांगतो. आपण त्या खडकापासून लांब आहोत की नाही हे जीपीएसशिवाय, नुसत्या डोळ्यांनी कसं ताडून बघायचं, ते या पुस्तकात मिळतं. उत्तरेत, विशेषतः पूर्व फिनमार्कच्या बाजूला, 2017 पासून जीपीएसमध्ये अडथळे आल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे ही चैन नाही, गरज आहे.

ही पुस्तकं चार्टपेक्षा जुनी आहेत. 15 व्या शतकातल्या लो जर्मन भाषेतल्या 'सेबूख'मध्ये एकही नकाशा नाही. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायची दिशा, अंतर, भरतीची वेळ, पाणी किती वाव आणि तळ कसा, एवढंच त्यात आहे. (वाव म्हणजे आपले कोकणातले तांडेल मोजतात तोच, साधारण 6 फूट.) 1584 मध्ये नेदरलँड्समधल्या एंखाउझेनचा पायलट (जहाजाला वाट दाखवणारा जाणकार) लुकास वाघेनार याने चार्ट, समुद्रातून किनारा कसा दिसतो त्याची चित्रं आणि मजकूर असं तिन्ही एकत्र छापलं. स्वीडनमध्ये योहान मोन्सॉनचं बाल्टिकसाठीचं पुस्तक 1644 मध्ये आलं.

तळाला इतकं महत्त्व का, हे समजून घ्या. दोरीला बांधलेल्या शिशाच्या वजनाच्या बुडाला खळगा असतो. त्यात चरबी भरायची, वजन चालत्या जहाजाच्या पुढच्या बाजूला फेकायचं आणि दोरी उभी आली की खोली वाचायची. वर ओढल्यावर चरबीला काय चिकटलंय ते बघायचं: बारीक वाळू, शिंपल्यांचा चुरा, काळा चिखल. काहीच चिकटलं नसेल तर खाली बहुधा कठीण खडक. नुसती 40 वाव खोली दहा ठिकाणी सापडेल, पण 40 वाव आणि शिंपल्यांचा चुरा अशी जोडी कमी ठिकाणी जुळते. धुक्यात तीन-चार वेळा वजन टाकून ही मालिका पुस्तकाशी जुळवायची. एकाच मोजमापावर विसंबलं की घात ठरलेला.

नॉर्वेत लिंडेसनेसचं पहिलं दीपगृह 1656 मध्ये पेटलं आणि सरकारी पायलट सेवा 1720 मध्ये सुरू झाली. तरीही 1893 मध्ये ट्रॉनहाइमच्या उत्तरेला जेमतेम 28 दीपगृहं होती. हिवाळ्याच्या अंधारात तिथून नियमित बोट चालवायला बाकीच्या कंपन्या तयार नव्हत्या. कॅप्टन रिचर्ड विट आणि पायलट अँडर्स होल्टे यांनी मात्र आधीच्या फेऱ्यांत प्रत्येक टप्प्याचा कोर्स, वेग आणि लागलेली वेळ लिहून ठेवली होती. त्या टिपणांच्या जोरावर 2 जुलै 1893 ला 'वेस्टेरोलेन' ही बोट ट्रॉनहाइमहून हामरफेस्टला निघाली.

कोर्स, वेग आणि घड्याळ यांवर चालायच्या या पद्धतीची मेख प्रवाहात आहे. 10 नॉट (तासाला 10 सागरी मैल) वेगाने जहाज मिनिटाला सुमारे 309 मीटर जातं. टप्पा 12 मिनिटांचा असेल आणि मागून दीड नॉटचा प्रवाह असेल, तर वळायच्या वेळी तुम्ही साडेपाचशे मीटर पुढे असता. बेटांमधल्या वाटेत एवढी चूक म्हणजे थेट खडक. म्हणून वळण कधीही नुसत्या घड्याळावर घेऊ नका. आडव्या बाजूची एखादी खूण, म्हणजे बीकन (खुणेचा खांब), चर्च किंवा बेटाचं टोक, ठरवा आणि तिचं बेअरिंग (उत्तरेपासून अंशांत मोजलेली दिशा) प्लॅनमध्ये लिहा.

नवखे हमखास चुकतात ते दिव्यांच्या सेक्टरमध्ये, म्हणजे दिवा ज्या कोनात एकच रंग दाखवतो त्या पट्ट्यात; पांढरा म्हणजे सुरक्षित वाट. पुस्तकातलं बेअरिंग जहाजाकडून दिव्याकडे बघताना दिलेलं असतं. समजा पांढरा सेक्टर 045° ते 052° आहे, तर तुम्ही दिव्याच्या नैर्ऋत्येला असायला हवं. दिव्यापासून ईशान्येला रेघ मारली की सगळं 180 अंशांनी उलटं. पांढरा दिवा लाल किंवा हिरवा झाला की तुम्ही वाटेच्या कडेला गेलात. कुठल्या बाजूला, ते आधीच लिहून ठेवा, तेव्हा शोधायला वेळ नसतो.

फाउस्केच्या अलीकडे साल्टस्ट्रॉमेन ही चिंचोळी सामुद्रधुनी आहे. अरुंद जागी रुंदी सुमारे 150 मीटर आणि प्रवाह 20 नॉटपर्यंत सांगितला जातो. भरतीचं कोष्टक बघून 'भरती पूर्ण म्हणजे पाणी थांबलं' असं धरू नका. बाहेर भरती पूर्ण झाली तरी आतल्या फ्योर्डात (डोंगरांमध्ये शिरलेल्या खाडीत) पाणी अजून खालीच असतं, कारण एवढ्या चिंचोळ्या वाटेने ते पुरेसं आत गेलेलं नसतं. म्हणून पाणी आत वाहतच राहतं. बाहेरची पातळी उतरून आतल्याइतकी झाली की मगच प्रवाह थांबतो, तोही थोडाच वेळ. त्याच्या वेळा स्वतंत्रपणे काढाव्या लागतात. आधी पोहोचलात तर बाहेर थांबायची जागा प्लॅनमध्ये हवी.

त्याआधी स्टाडचं टोक लागेल. मोठी लाट, उथळ तळ आणि वाऱ्याविरुद्धचा प्रवाह एकत्र आले की तिथे लाटा उभ्या आणि आखूड होतात. अशा धोकादायक लाटांच्या जागा नॉर्वेच्या नकाशा खात्याच्या 'देन नॉर्स्के लोस'मध्ये वेगळ्या दिल्यात, त्या प्लॅनवर उतरवून घ्या. हवेच्या दाबाकडेही लक्ष ठेवा: दाब 1 हेक्टोपास्कलने वाढला की पाणी साधारण 1 सेंटिमीटर उतरतं. सरासरी 1013 धरली, तर 1040 च्या दाबाला किलखालचं (जहाजाच्या बुडाखालचं) सुमारे 27 सेंटिमीटर पाणी असंच गेलं.

पायलट चढला तरी जबाबदारी कॅप्टनचीच राहते. पायलट पुस्तकातल्या रेषेच्या आतून जाणार असेल तर कारण आधीच, शांत पाण्यात विचारा. बहुतेकदा कारण चोख असतं, पण ते तुमच्या प्लॅनवर लिहिलेलं हवं.

आणि खंड उघडण्याआधी साप्ताहिक 'नोटिसेस टू मरिनर्स'चा (चार्ट आणि पुस्तकांच्या दुरुस्त्यांच्या पत्रकाचा) चौथा विभाग काढून दुरुस्त्या लागल्यात का बघा. बदललेला सेक्टर किंवा काढून टाकलेला बीकन तिथे सापडू शकतो.