उपयोजित कला शिकून चार वर्षं नोकरी केली, आता कला, डिझाइन आणि तंत्रज्ञान एकत्र शिकवणारं मास्टर्स करावं का? कोडिंग अजिबात येत नाही.

तुम्ही लिहिलंय की एजन्सीत चार वर्षं पोस्टर आणि पॅकेजिंग केलं, आता स्क्रीनपलीकडचं काहीतरी शिकायचंय, पण कोड बघितला की पोटात गोळा येतो. माझी वाट जवळजवळ हीच होती. मी तीन वर्षांतच कंटाळले आणि मग पवईला, आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन शिकवणाऱ्या विभागात, मास्टर्सची दोन वर्षं काढली.

कोडिंगचं आधी. सुरुवातीला बहुतेकांच्या हातात ‘प्रोसेसिंग’ पडतं, म्हणजे कोड लिहून चित्रं काढायचं सॉफ्टवेअर. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये ते सुरू केलं, तेच मुळी चित्रं काढणाऱ्यांना कोड लिहिता यावा म्हणून. त्यातल्या प्रोग्रामला ‘स्केच’ म्हणतात आणि ते जिथे साठवतात त्याला ‘स्केचबुक’. एका ओळीत गोल काढायचा, पुढच्या दोनचार ओळींत तो माउसच्या मागे पळवायचा. आर्डुइनो म्हणजे सेन्सर, दिवे, मोटर जोडून कोडने चालवायचा छोटा सर्किट बोर्ड. त्याची कुळकथाही अशीच आहे. इटलीत इव्रिया इथल्या इंटरॅक्शन डिझाइनच्या संस्थेत एर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने २००३ मध्ये मास्टर्सच्या प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाचं असंच साधन तयार केलं आणि त्यातून २००५ मध्ये आर्डुइनो आलं. म्हणजे ही साधनं तुमच्याआमच्यासारख्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच बनलेली आहेत. तरी सोपं जातं असं नाही. फॉर-लूप (एकच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा कोड) नीट डोक्यात शिरायला मला दिवाळी उजाडली, आणि एक सेन्सर उलटा जोडून जाळला तो वेगळाच.

पण मला सांगायचंय ते दुसरंच.

दुसऱ्या सत्रात मी धूळपाटीचा प्रकल्प घेतला. ट्रेमध्ये बारीक वाळू, वर कॅमेरा आणि प्रोजेक्टर. मूल बोटाने ‘ग’ काढणार, कॅमेरा ती रेघ ओळखणार आणि पुढचं वळण उजेडाने वाळूवर उमटणार. कागदावर झकास! कॅमेऱ्याच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ असा उजेडाचा आकडा असतो. अमुक आकड्याच्या खाली तो गेला की तिथे बोट फिरलंय असं धरायचं, एवढा साधा हिशोब. प्रत्यक्षात वरच्या ट्यूबलाइटमध्ये वाळूतली रेघ आणि सपाट वाळू यांच्यात फरकच दिसेना. मी आठवडाभर तो आकडा ९० कर, ११० कर, ८५ कर असं करत बसले. संगणकशास्त्र शिकून आलेल्या वर्गमित्राने आणखी भारी अल्गोरिदम सुचवला. तोही चालला नाही.

एका रात्री वैतागून ट्यूबलाइट बंद केली आणि टेबललॅम्प ट्रेच्या कडेला, अगदी वाळूलगत आडवा ठेवला. प्रत्येक रेघेच्या एका काठावर काळीभोर सावली! पहिल्या वर्षाला वस्तुचित्रणाच्या तासाला मडक्यावर बाजूने उजेड का टाकायचा हे शिकले होते, ते इथे कामाला आलं. कोडची एक ओळ न बदलता काम झालं. (माझ्या मित्राला हे अजून पचलेलं नाही.)

मग ते सगळं उचलून एका अंगणवाडीत नेलं. मुलांनी अक्षराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वाळूत खड्डे केले, प्रोजेक्टरच्या उजेडात तळहात धरले आणि तिथे उमटलेला ‘ग’ मुठीत पकडायचा खेळ सुरू केला. शिवाय मी मार्गदर्शनाची सुरुवात शिरोरेघेपासून ठेवली होती, फॉन्टमध्ये तीच आधी डोळ्यांत भरते म्हणून. मुलं शिरोरेघ सगळ्यात शेवटी ओढतात. मी स्वतः तशीच लिहायला शिकले, आणि तरी विसरले. अर्धा प्रकल्प मोडून पुन्हा केला. तळहातावर अक्षर झेलायचा खेळ त्यात राहिला आणि ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढच्या सादरीकरणात, बोलणं झालं ते त्याच्यावरच.

मास्टर्समध्ये नेमकं काय शिकवतात असं विचारलंत ना, तर हे. सॉफ्टवेअर घरी बसूनही शिकता येतं. आपण केलेली वस्तू लोक हातात घेतात तेव्हा गप्प बसून बघायचं आणि मग ती मोडायची, याची सवय एकट्याने लागत नाही, एजन्सीत तर नाहीच. आणि हाताचं काम वाया जात नाही. र. कृ. जोशींचंच बघा: सुलेखनकार, कवी, जे.जे.त आणि पुढे आयडीसीत शिकवणारे. विंडोजवर आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं वापरलेला ‘मंगल’ फॉन्ट त्यांच्याच हातचा.

आता व्यवहाराचं. आयडीसी १९६९ पासून आहे. प्रवेशासाठी सीड (CEED) ही परीक्षा, जानेवारीत. किमान तीन वर्षांची कुठलीही पदवी चालते, वयाची अट नाही, कितीही वेळा देता येते, गुण वर्षभर ग्राह्य. जी. डी. आर्ट ही कलेची पदविका केलेल्यांनाही वर्षभराच्या कामाच्या अनुभवावर बसता येतं. अ भाग संगणकावर, ब भाग कागदावर चित्र काढून, आणि अंतिम गुणांत ब भागाचाच वाटा मोठा. तुमची तिथे चांदी आहे, फक्त हात गंजला असेल तर एसटी स्टँडवर बसून रोज माणसं काढा. गांधीनगरला एनआयडीचा (राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा) न्यू मीडिया डिझाइन हा अभ्यासक्रमही बघा, तो आयडीसीच्या इंटरॅक्शन डिझाइनपेक्षा कलेकडे जास्त झुकतो. बाहेर जायची तयारी असेल तर ऑस्ट्रियात लिंझच्या कला विद्यापीठात ‘इंटरफेस कल्चर्स’ हा मास्टर्सचा अभ्यासक्रम आहे, इंग्रजीतून. त्याच गावात १९७९ पासून आर्स इलेक्ट्रॉनिका हा कला आणि तंत्रज्ञानाचा महोत्सव भरतो, त्यामुळे वातावरण आयतं मिळतं.

पोर्टफोलिओत पंचवीस चकचकीत पोस्टर लावू नका. तीनच कामं ठेवा, पण फसलेले कच्चे आराखडे त्यांच्यासोबत दाखवा. मुलाखतीत त्यावरच प्रश्न निघतात.

आणि एक कडू गोष्ट. तुम्हाला फक्त यूएक्सची, म्हणजे ॲप आणि वेबसाइट वापरायला सोप्या करायची, नोकरी हवी असेल तर दोन वर्षं आणि तेवढे पैसे घालू नका. चार वर्षांच्या अनुभवावर एजन्सीतूनच तिकडे सरकता येतं, माझ्या दोन सहकाऱ्यांनी तेच केलं आणि आज त्यांचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे. माझ्या वर्गातले बहुतेकही शेवटी ॲप आणि वेबसाइटच करतात. इन्स्टॉलेशनवर, म्हणजे जागेत मांडायच्या कलाकृतींवर, घर चालवणारा त्यात एकच आहे, आणि तोही संग्रहालयांची कामं मिळतात म्हणून.

लॅपटॉप कुठला घ्यावा असंही विचारलंय. प्रवेश मिळेपर्यंत कुठलाच नको. माझा प्रकल्प आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर चालला. लॅम्प मात्र चांगला घ्या.