दिवसभर मराठी टायपिंग करून मनगट दुखतं. महागडा कीबोर्ड घेऊ की विम हा माउसशिवाय चालणारा एडिटर शिकू?

तुम्ही नागपुरात घरून भाषांतराचं काम करता, इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीवर टाइप करता अन् संध्याकाळी उजवं मनगट ठणकतं, असं लिहिलंय. कीबोर्डचं नंतर पाहू. आधी एक तास फक्त मोजा, माउसला हात किती वेळा जातो.

मी सिव्हिल लाइन्सला वकिलांचे कागद टाइप करतो. शिकलो बर्डीवरच्या टायपिंग क्लासात, टाइपरायटर मशीनवर. मशीनवर हाताला पुढे जायचीच सवय लागते. मागे चूक दिसली की व्हाइटनर. त्यामुळे मिनिटाला ४० शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा पास होऊनही, संगणकावर वरच्या ओळीतला एक अनुस्वार सुधारायला मी दरवेळी माउस धरायचो. त्यात आकड्यांची बटणं उजवीकडे, म्हणून माउस आणखी वीतभर लांब. टायपिंगने नाही, या हेलपाट्यांनी हात दुखत होता.

आता कंट्रोल दाबून बाण मारतो, कर्सर एकेक शब्द उडी घेतो. होम-एंडने ओळीची टोकं, कंट्रोल अन् वरचा-खालचा बाण मारला की वर्डमध्ये परिच्छेद. सोबत शिफ्ट धरलं की तेवढा मजकूर निवडला जातो. लांबचा शब्द गाठायचा तर स्क्रोल करत बसू नका, कंट्रोल-एफ करून तो शब्दच टाइप करा. आणि शिफ्ट-एफ५! वर्डमध्ये शेवटची दुरुस्ती जिथे केली तिथे परत नेतं. दोनशे पानांच्या दाव्यात याच्यासारखं सुख नाही.

मराठीची गंमत वेगळीच आहे. ‘विद्यार्थ्यांच्या’ हा शब्द घ्या. माझ्याकडे वर्डमध्ये बाणाने चार उड्यांत पार होतो: वि, द्या, र्थ्यां, च्या. पण बॅकस्पेसने खोडायला गेलात तर १७ वेळा दाबावं लागतं, कारण बॅकस्पेस काना, मात्रा, हलंत सुटे सुटे काढतो. डिलीट मात्र पुढचं आख्खं जोडाक्षर गिळतं. म्हणून नुसती वेलांटी चुकली असेल तर कर्सर अक्षराच्या उजवीकडे नेऊन बॅकस्पेस. शब्दच बिघडला असेल तर कंट्रोल-बॅकस्पेस, एका फटक्यात साफ. हे कळायला मला काहून इतकी वर्षं लागली कोण जाणे.

एक धोका आहे. कंट्रोल सारखं डाव्या करंगळीने दाबलं तर दुखणं तिकडे जाईल. पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या फुकट प्रोग्राममधून कॅप्स लॉकचं कंट्रोल करून घ्या, ते करंगळीला जवळ पडतं. मराठीत कॅपिटल अक्षरं नाहीतच, तुमचं काय अडणार? विंडोजवर पाच मिनिटांचं काम.

विमचं म्हणाल तर ते प्रोग्रामरसाठी उत्तम आहे. त्याचा पूर्वज व्हीआय बिल जॉय यांनी १९७६ साली लिहिला. ज्या टर्मिनलवर, म्हणजे पडदा अन् कीबोर्डच्या जुन्या यंत्रावर, लिहिला त्याच्या एच, जे, के, एल या बटणांवरच बाण छापलेले होते, म्हणून आजही तीच चार अक्षरं कर्सर हलवतात. पण इन्स्क्रिप्ट चालू असताना तुम्ही तीच बटणं दाबाल तर प, र, क, त ही अक्षरंच हुकूम म्हणून जातात, अन् विमला ती कळत नाहीत. प्रत्येक वेळी भाषा बदलत बसावं लागतं. त्यावर उपाय आहेत, पण भाषांतराचं काम वर्डमध्येच द्यायचं असेल तर हा व्याप करू नका.

कीबोर्ड घ्यायचाच झाला तर आकड्यांच्या बटणांशिवायचा घ्या, माउस जवळ येतो. कीबोर्डचे मागचे पाय मिटून ठेवा. ते उभे असले की मनगट वर मुडपतं. मे महिन्यात कूलरसमोर बसून काचेच्या टेबलाच्या धारेवर घामट मनगट टेकवायची माझी सवय होती, ती तेवढी लावून घेऊ नका.

अंगठा अन् शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, रात्री झोपमोड होत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरला दाखवा. तिथे शॉर्टकट चालत नाहीत.