पत्रास कारण की

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

चि. पुतणीस,
अनेक आशीर्वाद.

काल तू दाखवायला आणलेला कार्डाचा नमुना माझ्या टेबलावरच राहिलाय. दुपारच्या सुट्टीत तो पुन्हा वाचला. हाताच्या अक्षरासारखा दिसणारा फॉन्ट, 'आपल्या विश्वासाबद्दल मनःपूर्वक आभार' आणि खाली तुझी छापलेली सही. अशी दोनशे कार्डं दिवाळीआधी तुझ्या ओतकामाच्या कारखान्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना. तुझा हेतू चांगला आहे, म्हणून फोनवर न सांगता सविस्तर लिहितोय. ही कार्डं छापू नकोस.

आपल्याकडच्या जुन्या पत्रांत 'सा. न. वि. वि.' झालं की पुढची ओळ ठरलेली असायची, 'पत्रास कारण की'. शाळेत आम्ही ती घोकली आणि पुढं तिची थट्टाही केली. आता वाटतं, पत्रलेखनाचं सगळं शहाणपण त्या तीन शब्दांत आहे. आधी कारण घडतं, मग पत्र लिहिलं जातं. तुझ्या कार्डात मला कारण सापडलं नाही. ते चाकणच्या कारखान्यात जाईल आणि इचलकरंजीत मागाचे सुटे भाग विकणाऱ्याकडंही तसंच जाईल. शिवाय हाताच्या अक्षराचा आव आणलेला घेणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतो. त्यापेक्षा सरळ छापील अक्षर बरं, ते निदान खरं असतं.

माझे वडील शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली ही पेठ, आणि इथला गूळ गुजरातेत जायचा, आजही जातो. दिवसभराचे सौदे संपले की वडील तिकडच्या व्यापाऱ्यांना पत्रं लिहीत. भाव, रव्यांची म्हणजे गुळाच्या ढेपांची संख्या, ट्रक कधी सुटला, एवढाच मजकूर. मग एक ओळ मोकळी सोडून खाली एखादंच वाक्य. 'मागच्या खेपेचे पंधरा रवे पाघळल्याचे आपण कळवलेत, त्या गुऱ्हाळावर मी स्वतः जाऊन आलो.' किंवा 'आपल्या मातोश्रींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन या महिन्यात होते, कसे झाले?' लहानपणी मला वाटायचं, एवढं सगळं यांच्या ध्यानात राहतं कसं? राहत नव्हतं. गल्ल्याशेजारी एक पातळ वही असायची आणि कोण काय बोललं हे ते त्याच दिवशी तिच्यात टिपून ठेवायचे.

तू सुरुवात त्या वहीपासून कर. चिठ्ठी लिहायला पाच मिनिटं लागतात, पण तिच्यासाठी दिवसभर डोळे आणि कान उघडे ठेवावे लागतात. तूच सांगत होतीस ना, मागच्या महिन्यात पुण्याच्या कंपनीतल्या इन्स्पेक्टरनं रात्री नऊला फोन करून ड्रॉइंग बदलल्याचं कळवलं म्हणून? त्यांना असं काही लिही:

'सा. न. वि. वि. मंगळवारी रात्री आपण फोन करून ड्रॉइंगचे नवे रिव्हिजन आल्याचे सांगितलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची ओतणी होती. फोन आला नसता तर चाळीस कास्टिंग भंगारात गेली असती. ऑफिसची वेळ संपली होती, तरी आपण आठवणीने कळवलेत. मी आणि आमचे मोल्डर आपले आभारी आहोत.'

एवढंच. 'आपले सहकार्य असेच लाभो' हे नको. त्या वाक्यानं आभाराचं रूपांतर मागणीत होतं आणि वाचणाऱ्याला ते लगेच टोचतं.

ही चूक मी स्वतः केली आहे. एका कंपनीचे परचेस मॅनेजर निवृत्त होत होते. वीस वर्षांची ओळख होती. मी दोन पानी पत्र लिहिलं, मनापासून लिहिलं, आणि शेवटी 'जाता जाता' म्हणून अडकलेल्या बिलाची आठवण दिली. आठ दिवसांत बिल मिळालं, सोबत अकाउंट्सची टाइप केलेली चिठ्ठी. त्यांच्याकडून एक अक्षरही आलं नाही. नंतर ते एका लग्नात भेटले, नीट बोलले, पण पत्राचा विषय दोघांनीही काढला नाही. ती दोन पानं त्यांनी बिलाचं पाकीट म्हणूनच वाचली असणार, आणि त्यात चूक माझी होती. पैशाचा विषय वेगळ्या कागदावर आणि वेगळ्या दिवशी.

दुसरं, चिठ्ठी फक्त वरच्या खुर्चीला जाऊ नये. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुला आठवत असेल. शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि कित्येक दिवस रस्ता बंद होता. आमचे सागवानी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा घडवायचे लाकडी नमुने, भरलेला एक ट्रक त्या रांगेत अडकला. पॅटर्नला पाणी लागलं की लाकूड फुगतं, मापं जातात, तो जळणाच्या लायकीचा राहतो. ड्रायव्हरनं कुणी न सांगता आपली ताडपत्री दुहेरी करून पेट्यांवर टाकली, खालच्या पेट्या उचलून वर चढवल्या आणि स्वतः केबिनमध्ये भिजत झोपला. पाणी ओसरल्यावर मी त्याला ट्रान्सपोर्टच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. कोणत्या पेट्या वाचल्या, त्यात किती महिन्यांचं सुतारकाम होतं, ते सगळं लिहिलं. पुढं कळलं की त्याला वाचता येत नव्हतं. मुलीनं ते घरात मोठ्यानं वाचून दाखवलं, मग शेजारच्यांना बोलावून पुन्हा वाचलं. त्या पत्रातून मला एक रुपयाचं काम मिळालं नाही. माझ्या हातून गेलेल्या पत्रांत मला तेच सगळ्यात जवळचं वाटतं.

रिजेक्शनची तक्रार, मापाचा वाद, डिलिव्हरीची तारीख हे ईमेलवरच कर, नग क्रमांक आणि फोटोसकट. तिथं नोंद लागते. घाईचं काम व्हॉट्सॲपवर. पण लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो काढून स्टेटसला ठेवू नकोस. ती ज्याची त्याची असते.

कुणाच्या घरी दुःख झालं असेल तर मात्र हातानंच लिही, आणि लवकर लिही. अशा पत्राच्या माथ्यावर आमच्या घरात 'श्री' लिहीत नसत. 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' एवढ्यावर थांबू नकोस. गेलेल्या माणसाची तुला आठवणारी एक गोष्ट लिही, अगदी छोटी असली तरी. त्यांनी तुला पहिल्यांदा मायक्रोमीटर कसा धरायचा ते दाखवलं असेल, तर तेच लिही. घरच्यांना ती गोष्ट माहीत नसते.

कागद साधा घे, लेटरहेड नको. लेटरहेडवरचा मजकूर आधी फाइलला लागतो. अक्षर वाईट आहे म्हणतेस, तर सावकाश आणि जरा मोठं लिही. नावाचं स्पेलिंग आणि हुद्दा खात्री करून घे. पोस्टानं साध्या टपालानं पाठव. रजिस्टर्ड सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, आणि गेटवर सही घेऊन दिलेलं पाकीट बघितलं की कारखान्यातल्या माणसाला आधी नोटिशीची शंका येते. पिनकोड चुकवू नकोस. शिरोली एमआयडीसीचा ४१६१२२, गोकुळ शिरगावचा ४१६२३४. पहिले तीन आकडे पत्र कोणत्या विभागात छाटायचं ते सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट सांगतात. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं बसवली. ते संस्कृतचे कवीही होते. पाकिटावर सहा आकडे लिहिताना मला त्यांची आठवण होते.

दोनशे नकोत. महिन्याला चार पुरेत. या महिन्याची चार कारणं मला कालच्या तुझ्या बोलण्यातच ऐकू आली. एक तो इन्स्पेक्टर. दुसरे सुट्टीच्या दिवशी लेथचं बेअरिंग बदलून गेलेले मिस्त्री. तिसऱ्या बँकेतल्या बाई, ज्यांनी कर्जाचा अर्ज परत न पाठवता तुला शेजारी बसवून चूक दाखवली. चौथी व्यक्ती तू घाईघाईत सांगून गेलीस. पहिली ऑर्डर मिळाली तेव्हा बाबांच्या आधी ज्याला फोन केलास, तो तुमच्या भट्टीवरचा म्हातारा कामगार. त्याला पोस्टानं पाठवू नकोस. पगाराच्या दिवशी हातात दे, पण पगाराच्या पाकिटात घालू नकोस.

कळावे,
तुझा काका

ता. क. छापखान्याला उद्या सकाळीच फोन कर. मी आज विचारलं, प्लेट अजून काढलेली नाही. कागद कापला असेल तर कापलेला घेऊन ये, चिठ्ठ्यांना उपयोगी पडेल.