चावी कोणाच्या हातात होती?

हुरड्याचा हंगाम आला की माझ्याकडे गाड्यांचे प्रश्न येऊ लागतात. शेतावर हुरडा पार्टीला गेलो, परत येऊन बघतो तर काच फुटलेली. मंगल कार्यालयाच्या मैदानात गाडी लावली, दारावर हा एवढा ओरखडा. आणि सगळीकडे पाटी तीच: ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत.’ या वेळी लातूरच्या एका शिक्षकांचा प्रश्न घेतोय. त्यांच्या गोष्टीत कॅराव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी आहे, पण दुखणं तेच आहे.

सर, तुमचं नऊ पानी पत्र थोडक्यात असं. भाड्याची कॅराव्हॅन, मागून मेहुण्यांची कार, वेरूळ परिसरातला एक खासगी कॅम्प, दोन रात्री. कॅम्पचा नियम होता: कॅराव्हॅनचं मागचं टोक नंबरच्या खुंटीशी, दोन कॅराव्हॅनमध्ये ६ मीटर अंतर, कार पुढच्या आखलेल्या पट्ट्यात. तुम्ही कार पट्ट्याबाहेर लिंबाच्या सावलीत लावली. रात्री ११ वाजता कॅम्पचा पोरगा आला, ‘दुसरी गाडी आत घ्यायचीय’ म्हणाला. तुम्ही जेवत होता, चावी देऊन टाकली. सकाळी कार उतारावरून घरंगळून नाल्यात. दुरुस्ती १,८६,००० रुपये, वर ५,००० रुपयांचं डिपॉझिटही अडवलेलं. कॅम्पचं म्हणणं, तुम्ही नियम मोडला.

नऊपैकी सहा पानं तुम्ही त्या ६ मीटरवर खर्च केलीत. टेपने मोजलेला नकाशा जोडलाय, खुंटी क्रमांकासकट. तो बाजूला ठेवा. हा ६ मीटरचा आकडा बहुधा ब्रिटनमधून उचललेला आहे. तिथे फिरत्या कॅराव्हॅनच्या तळांसाठी १९८३ पासून नमुना मानकं आहेत. वेगळ्या कुटुंबांच्या दोन कॅराव्हॅनमध्ये ६ मीटर अंतर ठेवायचं, कारण एकीला आग लागली तर ती दुसरीला लागू नये. गंमत म्हणजे त्याच मानकांत मधल्या जागेत कार लावायला परवानगी आहे, फक्त ३ मीटर पट्टा मोकळा राहिला पाहिजे. पण ही मानकं इथे कायदा नाहीत. इथे ती फक्त कॅम्पची घरची अट आहे, आणि कार पट्ट्याबाहेर लावून तुम्ही कॅम्पचा नियम मोडलात हे मान्य करून टाका. त्याने तुमचं काही जात नाही.

कारण कार लिंबाखालून घरंगळली नाही. ती घरंगळली त्यांच्या पोराने लावली तिथून.

सगळं प्रकरण इथे आहे. स्वतः गाडी लावून चावी खिशात ठेवली, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही बहुतेक वेळा नुसती जागा वापरली. गाडी सांभाळायला कोणी घेतली नाही, आणि मग ती पाटी बऱ्यापैकी चालते. हुरडा पार्टीवाले म्हणूनच रिकाम्या हाताने परततात. चावी दिली आणि समोरच्याने गाडी हलवली, की गाडीचा ताबा त्याच्याकडे जातो. करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ मध्ये याला निक्षेप म्हटलंय, आम्ही कोर्टात बेलमेंट म्हणतो. कलम १५१ सांगतं की ताबा घेणाऱ्याने शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपेल तितकी तरी ती जपायची. उतारावर हँडब्रेक न ओढता गाडी सोडणं यात बसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिल्लीच्या ताज महाल हॉटेलच्या प्रकरणात हेच सांगितलं. पाहुण्याने कार आणि चावी हॉटेलच्या माणसाकडे दिली होती, १९९८ मध्ये तिथून ती चोरीला गेली. पार्किंगच्या चिठ्ठीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ छापलेलं होतंच. न्यायालय म्हणालं, ताबा घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणातून अशा छापील ओळीने सुटता येत नाही, आणि काळजी घेतली होती हे हॉटेलने दाखवायचं. तुमचा कॅम्प हॉटेल नाही, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा लागू होतो असं मी छातीठोक सांगणार नाही. पण तर्क तोच आहे.

आता कॅम्प काय म्हणेल? पोरगा आमचा नव्हता, किंवा त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. याचं उत्तर तुमच्याकडे आहे, आणि ते तुम्ही नवव्या पानावर ताजा कलम म्हणून लिहिलंय! मॅनेजरचा रात्री ११.४० चा व्हॉट्सअॅप व्हॉइस मेसेज: ‘सर, गाडी जरा खाली उताराला लावलीय, चावी काउंटरला हाय, झोपा निवांत.’ ज्या नंबरवरून बुकिंगची पावती आली, त्याच नंबरवरून. अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

तुमच्या भाच्याने ‘अट अन्यायकारक आहे, तिलाच आव्हान द्या’ असं सुचवलंय. नको. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालत नाही, त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं. तुम्ही सेवेतल्या त्रुटीची तक्रार करा, ती लातूरच्या जिल्हा आयोगात चालेल. तक्रारदार राहतो तिथे तक्रार करायची सोय या कायद्यात आहे, वेरूळच्या खेपा नकोत. सेवेपोटी मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी लागणार नाही. ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल करता येते.

राज्याच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणाचा तुम्ही दाखला दिलाय. त्याखाली कॅम्पची नोंदणी आहे का ते पर्यटन संचालनालयाकडे विचारून ठेवा. नोंदणी निघाली तर तक्रारीत एक परिच्छेद वाढेल, त्यावर केस उभी राहणार नाही.

आता थोडं रागावतो. घटनेला १६ महिने झाले. या काळात तुम्ही चार नोटिसा पाठवल्यात आणि लिहिता, ‘नोटीस दिली आहे, म्हणजे मुदत चालू राहील ना?’ नाही. ग्राहक कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीला २ वर्षं, आणि ती मोजायची कार नाल्यात गेली त्या सकाळपासून. चार नोटिसा पाठवा नाहीतर चाळीस, मुदत एक दिवसही वाढत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण ‘शाळेच्या परीक्षा होत्या’ हे कारण आयोगाच्या गळी उतरणं कठीण. काउंटरवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज पहिल्याच आठवड्यात लेखी मागायला हवं होतं. आता ते शिल्लक असेल अशी आशा धरू नका. कायद्यात निकालाला ३ महिने लिहिलेत, प्रत्यक्षात किती लागतात ते आयोगाच्या बाकावर बसल्यावर कळेल. कॅम्पला उत्तराला मात्र ३० आणि वर १५ दिवसच, त्यापलीकडे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलंय. निदान तिथे तरी तारखा पडणार नाहीत.

कार मेहुण्यांच्या नावावर आहे, बुकिंग तुमच्या नावावर. दोघांनी मिळून तक्रार करा. एकट्याने केली तर ‘नुकसान तुमचं नाहीच’ किंवा ‘तुम्ही आमचे ग्राहक नाही’ यापैकी एक आक्षेप येणारच. मेहुण्यांनी विमा कंपनीकडून काही रक्कम घेतली असेल तर ते आधी मला सांगा, मग मागणीचे आकडे बदलतील. नो-क्लेम बोनस जाईल म्हणून कळवलंच नसेल, तर पॉलिसी पाहिल्याशिवाय त्यावर बोलणार नाही.

आणि पत्राच्या शेवटी लिहिलंय की पुढच्या आठवड्यात जुना फोन एक्स्चेंजला देणार आहात. देऊ नका. तो मेसेज ज्या फोनवर आला तोच फोन लागेल, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. फोन बंद करून कपाटात ठेवा, पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, आणि मेहुण्यांना आरसी घेऊन यायला सांगा.