पवनेकाठी कॅम्पर व्हॅनचा प्लग लावला की एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. स्टॅबिलायझर घेऊ की जनरेटर?

दोन्ही घेऊ नका.

ओसरीवरच्या एका प्लगवरून लाईट घेतली, त्यावर एक टनाचा एसी, इंडक्शन आणि बॅटरीचा चार्जर एकदम चालू होते आणि तीनदा अंधार झाल्यावर मालक वैतागले, असं तुम्ही लिहिलंय. मला मालकांची बाजू चांगली कळते. माझी ट्रॅव्हलर व्हॅन नवी होती तेव्हा मुळशीकडे एका घरी मी हेच केलं होतं. रात्री साडेदहाला तिथले काका लुंगी सावरत, टॉर्च घेऊन आले आणि म्हणाले, "गाडीत पिठाची गिरणी आहे का?"

हिशेब साधा आहे. आपल्याकडे 230 व्होल्ट. बारीक प्लग 6 अँपिअरचा, म्हणजे 1380 वॅट. मोठा पॉवर प्लग 16 चा, म्हणजे 3680. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात त्याच एमसीबीवर ओसरीचा पंखा, अंगणातले दिवे आणि बहुतेक वेळा पाण्याची मोटरही असते. म्हणून मी 5 अँपिअरच आपले धरतो, साधारण 1150 वॅट. तिकडे युरोपात कॅम्पसाइटवर खास निळे सॉकेट असतात, पण फ्रान्समध्ये तिथेही बऱ्याच ठिकाणी 6 अँपिअरच मिळतात. त्यामुळे ही रड फक्त आपली नाही. तुमचा एसी हजार-बाराशे, इंडक्शन दोन हजारांपर्यंत, चार्जर पाचशे. एमसीबीने पडायचं नाही तर काय करायचं?

पुण्यात राहणाऱ्याला खरं तर हे समजवायला नको. सकाळी दोन तास नळाला करंगळीएवढी धार येते, पण गच्चीवर टाकी असते म्हणून अख्ख्या बिल्डिंगच्या अंघोळी होतात. प्लग म्हणजे तो नळ आणि तुमची 12 व्होल्टची, 200 एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम बॅटरी म्हणजे टाकी, तिच्यात अडीच युनिट मावतात. 30 अँपिअरचा चार्जर प्लगवरून जेमतेम 500 वॅट ओढतो आणि रिकामी बॅटरी सात तासांत भरतो. तेव्हा रात्रभर भरू द्या आणि सकाळचे पोहे नि चहा इन्व्हर्टरवर करा. बाराशे वॅटवर अर्धा तास इंडक्शन चाललं तरी 0.6 युनिटच जातं. नळाला तोंड लावून पाणी पिणं बंद करा, एवढंच.

तुमचा इन्व्हर्टर कोणता ते लिहिलं नाहीत. व्हिक्ट्रॉन कंपनीच्या मल्टिप्लससारखा असेल तर त्यात बाहेरून किती अँपिअर घ्यायचे ते ठरवता येतं. वरचा लोड तो बॅटरीतून पुरवतो. 5 वर ठेवा आणि विसरा. घरगुती इन्व्हर्टर असेल तर शिस्त तुम्हालाच पाळावी लागेल: एसी चालू असताना चार्जर बंद.

एक फसवी गोष्ट. इंडक्शन 500 वर ठेवलं म्हणजे ते 500 च ओढतं, असं नाही. स्वस्तातली बरीच मॉडेल्स काही सेकंद हजाराच्या वर ओढतात, मग काही सेकंद बंद. सरासरी 500 भरते, पण प्लगवर भार हजाराचाच पडतो. मायक्रोवेव्हचं 'डीफ्रॉस्ट' तसंच. एसी इन्व्हर्टरवाला नसेल तर कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू करंटच्या कित्येक पट ओढतो, आणि तुमचा एमसीबी बहुधा तिथेच पडत असणार. पवनेकाठी मे महिना सोडला तर रात्री एसी कशाला लागतो, हा प्रश्न मी विचारत नाही. अंघोळीला मात्र त्यांच्या बंबाचं पाणी मागा, देतात.

आता स्टॅबिलायझर. संध्याकाळी गावाकडे व्होल्टेज पडतं, वेल्ह्याकडे मी 185 पाहिलंय. स्टॅबिलायझर त्याचे 230 करून देतो, पण फुकट नाही: तेवढ्याच वॅटसाठी प्लगवरून जवळजवळ पाव पट जास्त अँपिअर ओढतो. म्हणजे एमसीबी आणखी लवकर पडणार. जनरेटरच्या आवाजाबद्दल शेजारच्या तंबूवाल्यांना विचारा.

पैसे घालायचेच असतील तर वायरवर घाला. तपकीर गल्लीत, पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, जाऊन तीन कोअरची, तांब्याची, अडीच एमएमची वायर घ्या. 30 मीटर लांब दीडच्या वायरीत 15 अँपिअरला अकरा व्होल्ट वाटेतच जातात, अडीचच्यात सात. आणि ती पूर्ण उलगडून टाका. मी एकदा उरलेली वायर रिळावरच गुंडाळलेली ठेवून एसी लावला, सकाळी आतले वेढे एकमेकांना चिकटलेले.

अर्थिंग तपासल्याशिवाय गाडी जोडू नका. यात मस्करी नाही. तिसऱ्या भोकामागे वायर असेलच असं नाही. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर खिशात ठेवा, अर्थ दिसला नाही तर तिथे जोडायचं नाही. गाडी पत्र्याची आणि टायर रबराचे, त्यामुळे बॉडीत करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट नसते. पावसात ओल्या पायाने पायरीला हात लावणारा माणूस तेवढी वाट करून देतो. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच) गाडीत नसेल तर पुढच्या सहलीआधी वायरमनकडून बसवून घ्या.

आणि एक छोटा प्लग-मीटर घ्या, व्होल्ट, अँपिअर, युनिट सगळं दाखवणारा. निघताना मी त्यावरचे युनिट दाखवून तेवढे पैसे वेगळे देतो, बहुतेक वेळा चार-पाच युनिटच होतात. मुळशीचे काका आता गाडी दिसली की स्वतःच मोटर बंद करतात आणि मोठा प्लग मोकळा करून देतात.