निवृत्तीच्या पैशातून सोनं आणि क्रिप्टो किती घ्यावं?

तुम्ही विचारलंय, निवृत्तीला मिळणाऱ्या 40 लाखांतले 20 टक्के सोन्यात आणि 10 टक्के क्रिप्टोत, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनात टाकले तर चालेल का. सोन्याला माझी हरकत नाही. क्रिप्टोला आहे, आणि ती का हे सांगायला जरा मागं जावं लागेल.

माझं माहेर विट्याजवळचं. आमच्याकडे घरटी एक माणूस गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात परमुलखात असतो. माझे वडील मदुराईला होते. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा विकत घेऊन त्यातलं सोनं काढायचे. लग्नात त्यांनी मला सात तोळ्यांच्या पाटल्या-बांगड्या घातल्या, स्वतः मुशीत गाळलेल्या सोन्याच्या. सांगलीत सासरी आले तेव्हापासून धाकटे भावजी म्हणायचे, "वहिनी, हा मेलेला पैसा. मोडा आणि कामाला लावा." तीस वर्षं ऐकून घेतलं.

2021 च्या दिवाळीत हे निवृत्त झाले. भावजींनी शेजारी बसून मोबाईलवर अ‍ॅप घालून दिलं आणि ग्रॅच्युइटीतले 5 लाख बिटकॉइनमध्ये गेले. त्याच महिन्यात त्याचा भाव 69 हजार डॉलरपर्यंत गेला होता. पुढच्या नोव्हेंबरात तो 16 हजारांवर आला, आणि तेव्हाच यांना बायपाससाठी मिरजेला दाखल करावं लागलं.

हे आयसीयूत, मोबाईल माझ्या पिशवीत आणि अ‍ॅपचा पासवर्ड यांच्या डोक्यात. मी सकाळी बँकेत जाऊन लॉकर उघडला आणि पाटल्या तिथंच सोनेतारणाला दिल्या. बँकेच्या सराफानं पाटली कसोटीवर घासली, रेघेवर अ‍ॅसिडचा थेंब सोडला आणि चष्मा वर करून बघत बसला. रेघ तशीच राहिली. दुपारी दोनच्या आत अडीच लाख खात्यात जमा. वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिथंच बाकावर बसून मला रडू आलं.

पाटल्या सोडवायला पुढच्या महिन्यात यांनी ते बिटकॉइन विकलं. पाचाचे दीड लाखही आले नाहीत, वर तोट्यात विकूनही 1 टक्का टीडीएस कापला गेला. भावजी अजून म्हणतात, "थांबला असतात तर 2024 च्या डिसेंबरात लाख डॉलर बघितले असते." भाव वाढला हे खरं आहे. पण यांच्या रक्तवाहिन्या तोपर्यंत थांबणार होत्या का? म्हातारपणाचा पैसा गरजेच्या दिवशी हातात यायला हवा. तो कुठवर चढेल हा प्रश्न चाळिशीतल्या माणसाचा.

शिवाय क्रिप्टोत नफा झालाच तर 30 टक्के कर आणि वर सेस, म्हणजे करावरचा उपकर. एका क्रिप्टोतला तोटा दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातून वजा करता येत नाही. शेअरचं तसं नसतं.

सोनं घ्याल तर गुंतवणूक म्हणून दागिने करू नका. मजुरी गेली ती गेली. वेढणं किंवा नाणं घ्या, हॉलमार्क बघून. लॉकरची कटकट नको असेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे डीमॅट खात्यात घेता येणारे सोन्याच्या फंडाचे युनिट. सरकारी सुवर्णरोखे चांगले होते, पण फेब्रुवारी 2024 नंतर नवे निघालेले नाहीत. बाकीच्यासाठी पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, तिच्यात 30 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला मिळतं.

एक मात्र सांगायला हवं, सोनंही वर्षानुवर्षं झोपतं. 2012 ला तोळा 31 हजारांच्या आसपास होता आणि 2018 लाही तेवढाच. म्हणून 20 टक्क्यांच्या वर जाऊ नका. आम्हाला पेन्शन आहे, तुम्हाला नसेल तर 10 सुद्धा पुरे. आणि क्रिप्टोत टाकायचेच असतील तर बुडाले तरी घरात कुणाच्या औषधाला कमी पडणार नाही एवढेच टाका. 40 लाखांचे 10 टक्के म्हणजे चार लाख होतात. मिरजेला आमचं बिल त्याहून कमी होतं.

आणि जे काही घ्याल त्याचा पासवर्ड वहीत लिहून आजच वहिनींच्या हातात द्या.