कांद्याची पात निळी का होत नाही?

प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, पण तो प्रश्नच तसा आहे.

प्रश्न : प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगासाठी जास्वंदीची पाने कमी पडली, म्हणून मी आमच्या शेतातली कांद्याची पात नेली. ती पाण्यात उकळली, स्पिरिटमध्ये तिचा हिरवा रंगही गेला. पण आयोडीन टाकल्यावर ती नुसती पिवळट तपकिरी झाली. मैत्रिणीचे जास्वंदीचे पान मात्र निळे-काळे झाले. वहीत ‘निळा-काळा रंग आला’ असेच लिहायला मला सांगण्यात आले. माझे कुठे चुकले? (दहावीची विद्यार्थिनी, निफाड तालुका)

उत्तर : तुझे काहीच चुकलेले नाही. तुला जे दिसले ते बरोबर होते, आणि वहीत तेच लिहायला हवे होते.

आयोडीनची परीक्षा प्रकाशसंश्लेषण झाले की नाही हे थेट सांगत नाही. पानात स्टार्च आहे की नाही एवढेच ती सांगते. उन्हात पान आधी शर्करा तयार करते. जास्वंद, वाल, घेवडा अशा बहुतेक झाडांत दिवसभरातली जास्तीची शर्करा हरितलवकांतच स्टार्चच्या कणांच्या रूपाने साठते आणि रात्री पुन्हा तिची शर्करा होऊन ती झाडाच्या इतर भागांकडे जाते. म्हणूनच प्रयोगाआधी कुंडी एक-दोन दिवस अंधारात ठेवावी लागते. नाहीतर आदल्या दिवसाचा साठाच आपण आजचा म्हणून मोजतो. अर्धे पान झाकून, उरलेले उन्हात ठेवून आयोडीनने ते रंगवण्याची ही रीत जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस झाक्स यांनी १८६० च्या दशकात रूढ केली, आणि आपल्या प्रयोगवह्यांत ती आजही जवळजवळ तशीच आहे.

कांदा आणि लसूण मात्र या वाटेने जात नाहीत. त्यांच्या पातीत साधारणपणे स्टार्च साठतच नाही. त्यांचा साठा असतो ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज या शर्करांचा, तसेच फ्रुक्टोजचे अनेक रेणू जोडून बनलेल्या फ्रुक्टानचा. स्टार्चमधील अमायलोजच्या लांब साखळीला गोल जिन्यासारखा पीळ असतो; त्या पिळाच्या पोकळीत आयोडीन जाऊन बसते, तेव्हा निळा-काळा रंग दिसतो. फ्रुक्टानमध्ये आयोडीनला बसायला तशी जागा नसते. तुझ्या पातीला दिसलेला पिवळट तपकिरी रंग हा आयोडीनचा स्वतःचा रंग होता.

तरीही एक शंका फेडून घ्यावी. कांद्याच्या पातीवर मेणासारखा थर असतो. दवाचे थेंब तिच्यावरून कसे घरंगळतात ते तू सकाळी वाफ्यात पाहिलेच असशील. आयोडीन आत शिरलेच नसेल, असे परीक्षक म्हणू शकतात. म्हणून पात उभी चिरून आतली बाजू वर करावी आणि तिच्यावर थेंब टाकावेत. शेजारी बटाट्याची एक चकती ठेवून तिच्यावरही त्याच बाटलीतले आयोडीन टाकावे. चकती काळी पडली आणि पात तशीच राहिली, म्हणजे दोष आयोडीनचा नाही हे सिद्ध झाले. पान गरम असताना मात्र आयोडीन टाकू नये, कारण उष्णतेने हा रंग विरतो.

शर्करा पाहायचीच असेल, तर पातीचा बुडाकडचा पांढरा भाग ठेचून रस गाळावा, त्यात तेवढेच बेनेडिक्टचे द्रावण घालून परीक्षानळी उकळत्या पाण्यात काही मिनिटे धरावी. निळा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी असा बदलत शेवटी विटेच्या रंगाकडे झुकतो. मात्र प्रकाशाची गरज सिद्ध करायला कांदा उपयोगाचा नाही. त्यासाठी जास्वंदच बरी.

जाता जाता एक ताकीद : स्पिरिट कधीही थेट ज्योतीवर तापवू नये. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते आणि त्याची वाफ पटकन पेट घेते. आधी पाणी उकळावे, बर्नर विझवावा आणि मगच स्पिरिटची नळी त्या पाण्यात ठेवावी.

प्रश्न : चहात घालतो त्या साखरेचे द्रावण बेनेडिक्टच्या परीक्षेत निळेच राहिले, द्राक्षाच्या रसाने मात्र लगेच विटेसारखा रंग दिला. साखरेत शर्करा नाही असे म्हणायचे का? (नववीचा विद्यार्थी, दिंडोरी)

उत्तर : नाही. ही परीक्षा फक्त क्षपणक शर्करांची, म्हणजे बेनेडिक्टच्या द्रावणातल्या तांब्याला इलेक्ट्रॉन देऊन त्याचा रंग बदलणाऱ्या शर्करांची आहे. पिकलेल्या द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज भरपूर असतात आणि त्या दोन्ही क्षपणक आहेत. साखर म्हणजे सुक्रोज. तिच्यात हेच दोन घटक अशा रीतीने जोडलेले असतात की त्यांची क्षपण करणारी टोके एकमेकांत अडकून पडतात. साखरेच्या द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थोडे थेंब घालून ते उकळ, गार झाल्यावर फेस येणे थांबेपर्यंत खाण्याचा सोडा घाल आणि मग परीक्षा कर. विटेचा रंग येईल. गुळाचे द्रावण आम्लाशिवायही रंग देते, कारण त्यात काही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळे असतात.

प्रश्न : हायड्रिला या पाणवनस्पतीतून प्रकाशात निघणारा ऑक्सिजन जमवण्याच्या प्रयोगात नळीत वायू फारच कमी जमतो आणि विझत आलेली काडी पेटत नाही. जानेवारीत हे हमखास होते. (विज्ञान शिक्षक, नाशिक)

उत्तर : आपण महिना लिहिलात, त्यातच अर्धे उत्तर आहे. थंडीत निफाडकडे पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा रात्रभर टाकीत राहिलेले पाणी सकाळच्या तासाला किती गार असेल! पाणी २५ ते ३० अंशांपर्यंत कोमट करून घ्यावे, चंचुपात्र थेट उन्हात ठेवावे आणि त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा, म्हणजे वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड पुरेसा मिळतो. उकळून गार केलेले पाणी वापरू नये, कारण त्यातला विरघळलेला वायू निघून गेलेला असतो. फांद्यांची कापलेली टोके नरसाळ्याच्या दांड्याकडे ठेवावीत. शिवाय जमलेला वायू निव्वळ ऑक्सिजन नसतो, पाण्यातला नायट्रोजनही त्यात मिसळतो. त्यामुळे काडी भडकली नाही, नुसती अधिक उजळली, तरी निरीक्षण ग्राह्य धरावे.

प्रश्न : थर्मासमध्ये मोड आलेली मटकी ठेवल्यावर तापमान वाढले, पण उकडलेल्या मटकीच्या थर्मासमध्येही तिसऱ्या दिवशी पारा चढला. मेलेले बी श्वसन कसे करील? (एक पालक, सिन्नर)

उत्तर : बी मेलेले होते, पण त्याच्यावर वाढणारे जीवाणू आणि बुरशी जिवंत होत्या. उकडलेली ओली मटकी ही त्यांची मेजवानीच. ऊब त्यांच्या श्वसनाची होती. बूच काढल्यावर आंबूस वास आला असेल, तर तोच पुरावा समजावा. पुढच्या वेळी दोन्ही प्रकारची मटकी जंतुनाशकाच्या पातळ द्रावणात बुडवून काढावी आणि थर्मासच्या तोंडाला घट्ट बुचाऐवजी कापसाचा बोळा लावावा, म्हणजे मोडांना हवाही मिळत राहील.